गोधडीची अवजारे ब्लाउजच्या टेबलावर

ताई, तुमचा प्रश्न दुपदरी आहे. परदेशातल्या नणंदेने तुम्हाला गोधडीकामाचा अख्खा संच पाठवला आहे. त्यात गोल पात्याचा कटर, त्याखाली घ्यायची हिरवी मॅट, सहा बाय चोवीस इंचांची पारदर्शक पट्टी, बाकदार सेफ्टी पिना, प्लास्टिकचे क्लिप आणि मशीनला लावायचा वॉकिंग फूट आहे. तुम्ही मात्र गडहिंग्लजला ब्लाउज, पंजाबी ड्रेस आणि फॉल-पिकोची कामे घेता, गोधडी शिवत नाही, तेव्हा या वस्तू तुमच्या कामात कुठे बसतील, हा पहिला पदर. संचात जे नाही किंवा बाजारात महाग पडते, त्याच्या जागी घरातले काय चालेल, हा दुसरा. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत तीस वर्षे शिवणवर्ग चालवते आणि उन्हाळ्यात वाकळा, म्हणजे आपल्याकडच्या गोधड्याही शिवते, त्यामुळे दोन्हीकडच्या वस्तू माझ्या एकाच टेबलावर नांदतात. त्या अनुभवावरून लिहिते.

आमच्या सासूबाई वाकळ शिवायला बसत, तेव्हा जुन्या लुगड्यांचे थर सारवलेल्या जमिनीवर अंथरून एका कोपऱ्यावर वरवंटा, दुसऱ्यावर खलबत्ता, तिसऱ्यावर पाण्याने भरलेली कळशी ठेवत आणि चौथ्यावर घरातले एखादे पोर बसवत. मग लांब लांब कच्चे टाके घालून थर एकमेकांना बांधायचे आणि कडेपासून सुरुवात करून आत आत धावदोरा न्यायचा. तुमच्या संचातल्या पिना, क्लिप आणि वॉकिंग फूट या तिन्ही वस्तूंचे काम तेवढेच आहे: एकावर एक ठेवलेले थर शिवून होईपर्यंत सरकू द्यायचे नाहीत. आता ब्लाउजकडे बघा. वरचे कापड, खाली अस्तर, मध्ये कुठे कॅनव्हास, कुठे कप. थरांच्या दृष्टीने ब्लाउज म्हणजे छोटी वाकळच आहे, आणि गिऱ्हाईक ज्याला 'फिटिंग बिघडले' म्हणते, त्यातली निम्मी प्रकरणे मापाची नसून सरकलेल्या अस्तराची असतात, असे माझे मत आहे.

म्हणून बाकदार पिनांपासून सुरुवात करा. साधी सेफ्टी पिन लावताना आपण कापड चिमटीत उचलतो, आणि उचलताक्षणी अस्तर एक-दोन सूत पुढे जाते. (नव्याने शिकणाऱ्या वाचकांसाठी सांगते: सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतार आणि शिंपी दोघेही तेच माप बोलतात.) या पिनेला मध्ये बाक असल्यामुळे टोक टेबलाला टेकून आपोआप वर येते आणि कापड सपाट पसरलेलेच राहते. पाठीचा भाग आणि त्याचे अस्तर टेबलावर पसरून, हाताने मधून कडेकडे सारखे करून, चार-चार इंचांवर पिन लावा आणि मगच कडेने शिलाई मारा. शिवलेल्या नऊवारीच्या निऱ्या बसवतानाही त्या उपयोगी पडतात. ट्रायलच्या वेळी बगलेखालची शिलाई आत घ्यायची असेल, तर टाचणीऐवजी हीच पिन लावावी, म्हणजे ब्लाउज अंगावरून काढताना गिऱ्हाइकाला ओरखडा येत नाही. पैठणी, ऑरगंझा आणि कुठल्याही घट्ट विणीच्या रेशमाला मात्र ती लावू नका, कारण जाड पिनेचे भोक राहते. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्धवट काम पिनांसकट रात्रभर ठेवू नका. सकाळी प्रत्येक पिनेखाली तांबूस ठिपका दिसेल आणि तो धुऊन जाणार नाही.

क्लिप तिथेच वापरायचे जिथे पिन चालत नाही: रेक्झीन, रेनकोटचे कापड, चामडे, जाड पायपिंग. या कापडांत पडलेले भोक कायमचे असते. क्लिप संपले तर मुलींचे टिकटिक चाप घ्या. ते चपटे असतात आणि मशीनच्या पायाच्या अगदी जवळ येईपर्यंत राहू देता येतात. वाळत घालायचे चिमटे अनेकजणी सुचवतात, पण ते जाड असल्यामुळे कापडाची कड टेबलावरून उचलली जाते आणि शिलाई वाकडी जाते. ऑफिसातले काळे बाइंडर क्लिप घट्ट धरतात खरे, पण वेल्वेटवर त्यांचा वळ उमटतो.

कटर आणि मॅट यांच्याबद्दल तुम्ही लिहिले आहे की ही तर गोधडीचीच वस्तू, कपड्यांना काय कामाची. प्रत्यक्षात उलटे आहे. हा कटर जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये आणला तो कपडे बेतण्यासाठीच. गोधडीवाल्यांनी तो नंतर उचलला. तेव्हा तो तुमच्या टेबलावर आला म्हणजे स्वतःच्या घरी परत आला असे समजा. त्याचे खरे मोल उरेब, म्हणजे कापडाच्या तिरप्या दिशेने कापलेल्या पट्ट्यांत आणि घसरणाऱ्या कापडात कळते. कात्रीचे खालचे पाते कापडाखाली जाते आणि कापड प्रत्येक कापाला थोडे उचलते. जॉर्जेट आणि शिफॉन त्या उचलण्यातच तिरके होतात. कटर वरून फिरतो, कापड जागचे हलत नाही. तुमच्या पारदर्शक पट्टीवर पंचेचाळीस अंशांची रेघ असेलच. ती कापडाच्या काठावर बरोबर बसवली की पट्टीची कड आपोआप उरेब मिळते, आणि पायपिंगसाठी सव्वा इंचाच्या पंधरा-वीस पट्ट्या दहा मिनिटांत एकसारख्या निघतात. पट्टी कापडावरून घसरत असेल, तर मेडिकलमध्ये मिळणारी कापडी चिकटपट्टी घेऊन तिचे चार छोटे तुकडे पट्टीच्या मागच्या बाजूला कोपऱ्यांत चिकटवा. पट्टीवरच्या पाव इंचाच्या रेघा हुकपट्टीवर हुक आणि आयचे अंतर सारखे आखायलाही उत्तम.

इथे घरगुती पर्यायांची हौस थोडी आवरावी लागते. मॅटऐवजी काच किंवा फरशी घेतली तर पाते एका दिवसात बोथट होते. पुठ्ठा आणि फ्लेक्सचा बॅनर घेतला तर ते कापले जातात आणि पाते त्या चिरेत अडकून वाकडे चालते. पिझ्झा कापायच्या चाकाने कापड कापत नाही. त्याने फार तर कागदावरून कापडावर रेघ उमटवता येते. मॅट उन्हात किंवा गरम इस्त्रीजवळ ठेवू नका, एकदा तिला पोक आला की ती परत सपाट होत नाही. बोथट झालेले पाते टाकून न देता त्यावर खूण करून कागदी बेत, म्हणजे कापडावर ठेवायचे नमुने, कापण्यासाठी ठेवा.

कटर वापरायचा म्हणजे बेत कापडावर धरून ठेवायला टाचण्या नकोत, वजने हवीत. ही बाजारात नक्षीदार डब्यांत विकली जातात आणि त्यांची किंमत बघून मला हसू येते, कारण कोल्हापूरसारख्या कारखान्यांच्या गावात ती जवळपास फुकट आहेत. शिवाजी उद्यमनगरात भंगाराच्या ढिगात जाड वॉशर, बेअरिंगच्या कड्या, लेथवर कापून उरलेले गोल तुकडे किलोवर मिळतात. पाव किलोच्या आसपासचे आठ-दहा तुकडे निवडा, रॉकेलने पुसा आणि प्रत्येकाला उरलेल्या कापडाची पिशवी शिवून तोंड बंद करा. पिशवी आवश्यकच आहे. उघड्या लोखंडाचा गंज आणि ग्रीस दोन्ही कापडाला लागतात. वजन बेताच्या कडेवर न ठेवता कडेपासून दोन बोटे आत ठेवावे, नाहीतर कटर त्याला अडतो. तोवर काम अडू नये म्हणून तराजूची जुनी वजने किंवा मिठाने भरलेल्या बंद बाटल्याही चालतील.

आता घरातल्या ज्या वस्तूवर माझा सर्वांत जास्त जीव आहे, तिच्याकडे येते: बांगडी. गोधडीवाले गोल आकारांसाठी प्लास्टिकचे साचे विकत घेतात. आपल्या प्रत्येक घरात ते आधीच असतात आणि ते मापाचे असतात, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. कासाराकडे आपण २.४, २.६, २.८ असे माप सांगतो. त्यातला ठिपक्यानंतरचा आकडा दशांश नसून इंचाचे सोळावे भाग असतात. म्हणजे २.४ ची बांगडी आतून सव्वादोन इंच, २.८ ची अडीच इंच, आणि एका मापातून पुढच्या मापात बरोबर एका सुताचा फरक. माप आतल्या व्यासाचे असल्यामुळे पेन्सिल आतून फिरवायची, म्हणजे बांगडी जाड असो वा बारीक, आकार तोच येतो.

गेल्या दिवाळीच्या आधी वर्गातल्या एका मुलीने ओढणीला कमानींची कड करायला घेतली आणि बांगडीचे पूर्ण अर्धवर्तुळ ओळीने आखत गेली. शिवून उलटवल्यावर दोन कमानींच्या मधल्या प्रत्येक खाचेत सुरकुती. तिला वाटले दोरा ताणला गेला. तिने दोनदा उसवून पुन्हा शिवले. दोष आखणीत होता. अर्धवर्तुळे एकमेकांना चिकटली की मधली खाच इतकी अरुंद होते की कापड तिथे उलटायला जागाच उरत नाही. आम्ही बांगडीवर मार्करने तीन सारख्या खुणा केल्या आणि एका खुणेपासून दुसरीपर्यंत, म्हणजे वर्तुळाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच, कमान घेतली. अडीच इंची बांगडीची अशी कमान साधारण दोन इंच एक सूत रुंद आणि पाच सूत खोल येते. खाचेच्या टोकाशी सुई खाली ठेवून पाय उचलायचा, एक टाका आडवा घ्यायचा आणि मग पुढच्या कमानीला वळायचे. कात्रीने त्या आडव्या टाक्याच्या अगदी एक-दोन धाग्यांपर्यंत चीर द्यायची. तो एक आडवा टाका विसरला तर चीर देऊनही खाच उघडत नाही. त्या मुलीची उरलेली कड एका बैठकीत झाली.

हीच बांगडी षट्कोनी पॅचवर्कलाही उपयोगी पडते. अडीच इंची बांगडीने कागदावर गोल काढून, कंपासात सव्वा इंच धरून त्या गोलावर सहा खुणा केल्या आणि सरळ रेघांनी जोडल्या की सव्वा इंच बाजूचा षट्कोन तयार. त्याचे साचे लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे कापावेत. पत्रिका टाकवत नाहीत आणि ठेवून उपयोग नसतो, तेव्हा त्यांना ही चांगली गती आहे. पुन्हा पुन्हा वापरायचा साचा, उदाहरणार्थ कटोरीचा किंवा गळ्याचा, जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर कापावा. ती पारदर्शक असल्यामुळे खालची नक्षी दिसते आणि खणाची चौकट किंवा बुट्टी दोन्ही बाजूंना सारखी बसवता येते. फक्त तिला इस्त्री लागू देऊ नका.

इस्त्रीच्या बाबतीत एक गोष्ट माझ्या हातून झालेली आहे, ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून सांगते. बाहीची शिलाई फोडून दाबताना, म्हणजे आतला दाब उघडून इस्त्री करताना, सपाट टेबलावर बाहीच्या वरच्या भागावर दाबाचा ठसा उमटतो. यासाठी लांबट गोल उशी मिळते. तिच्या जागी लाटणे उत्तम चालते: बाहीत लाटणे घालायचे, शिलाई त्याच्या माथ्यावर आणायची आणि इस्त्रीचे टोक नुसते शिलाईवरून न्यायचे; गोलाईमुळे बाजूचे कापड इस्त्रीला लागतच नाही. हे मला कळले तेव्हा मी स्वयंपाकघरातले लाटणे धुऊन, पुसून, वाळवून आणले आणि एका गिऱ्हाइकाच्या मोतिया रंगाच्या रेशमी ब्लाउजच्या बाहीत घातले. लाकूड वरून कोरडे होते, पण वर्षानुवर्षांच्या पोळ्यांचे तेल त्याच्या पोटात होते. इस्त्रीची ऊब लागताच ते बाहेर आले आणि शिलाईच्या दोन्ही बाजूंना सहा इंचांचा पिवळसर पट्टा पडला. टाल्कम पावडर लावून बघितली, ड्रायक्लीनला देऊन बघितले. डाग फिका झाला, गेला नाही. शेवटी दोन्ही बाह्यांचे नवे कापड मी माझ्या खर्चाने आणून दिले. तेव्हापासून शिवणाचे लाटणे वेगळे. ते नवे, पॉलिश नसलेले घ्यावे आणि त्याच्यावर जुन्या पांढऱ्या सुती धोतराच्या दोन घड्या घट्ट शिवून घ्याव्यात. गोधडीत घालायच्या कापसाच्या थराचे तुकडे उरले असतील तर धोतराखाली एक थर त्यांचा घाला. पॉलिएस्टरचा थर नको, तो उष्णतेने चपटा होऊन कडक होतो.

पोळपाटाची गोष्टही तीच. जाड कापडाची कड वाफेची इस्त्री करून लगेच कोऱ्या लाकडाखाली दहा-पंधरा सेकंद दाबून धरली की घडी धारदार बसते, कारण लाकूड वाफ शोषून घेते. पण पोळपाट जेवणाच्या ओट्यावरचा नको. सुताराकडून वीतभर लांबीचा रंधा मारलेला तुकडा आणा. जीन्सच्या खालच्या दुमडीत जिथे बाजूची जाड शिलाई येते, तिथे मात्र स्वयंपाकघरातला बत्ता थेट चालतो. वर कापडाची घडी ठेवून दोन-चार ठोके द्या; डेनिमचा गठ्ठा निम्मा बसतो आणि सुई मोडत नाही.

घसरणाऱ्या कापडाला आणखी एक जुना उपाय आहे आणि तो कुठल्याही फवाऱ्यापेक्षा स्वस्त आहे. दोन चहाचे चमचे साबुदाणा लिटरभर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवा, दोनदा गाळा, त्या पातळ खळीत शिफॉन बुडवून सावलीत वाळवा आणि किंचित दमट असताना इस्त्री करा. कापड कागदासारखे वागते. बेतून, शिवून झाल्यावर एका धुण्यात खळ निघून जाते. आधी एका तुकड्यावर रंग जातो का ते बघावे. शुद्ध रेशमाला आणि ज्यावर पाण्याचे डाग पडतात अशा कापडांना हे करू नये, आणि खळ लावलेले कापड कपाटात आठवडेच्या आठवडे ठेवू नये, कारण झुरळे आणि कसर तिच्यावर येतात. रेशमासाठी खाली पतंगाचा पांढरा कागद घेऊन शिवा आणि नंतर कागद फाडून काढा. टाका थोडा बारीक ठेवला की कागद सहज सुटतो. वर्तमानपत्र घेऊ नका, शाई लागते. परदेशी व्हिडिओंत पॅचवर्कसाठी एक कागद इस्त्रीने कापडाला चिकटवलेला दिसतो. तो म्हणजे आपला बटर पेपर असे समजून अनेकींनी प्रयत्न केला आहे. त्यांच्या कागदाला एका बाजूने प्लास्टिकचा लेप असतो, म्हणून तो चिकटतो. बटर पेपर कितीही इस्त्री केली तरी चिकटायचा नाही. त्याऐवजी साध्या कागदाला मुलांच्या शाळेतली धुतली जाणारी ग्लू स्टिक लावा. हीच स्टिक चेन बसवताना कच्च्या टाक्यांऐवजी चालते, फक्त पुसट बोट फिरवल्याएवढीच लावायची. जास्त झाली की सुई चिकट होऊन टाके सुटतात.

खुणांबद्दल थोडक्यात. अंगाच्या साबणाची झिजून पातळ झालेली, सावलीत वाळवलेली चकती गडद सुती कापडावर खडूपेक्षा चांगली चालते आणि धुण्यात जाते. निळ्या, पाण्याने जाणाऱ्या पेनची खूण आधी धुवा, मग इस्त्री करा. उलट केले तर ती पक्की बसण्याचा धोका असतो. इस्त्रीने नाहीसा होणारा पेन गडद कापडावर फिकट माग ठेवतो, तेव्हा तो आतल्या बाजूलाच ठीक. कोऱ्या कापडावर नुसती दाबून रेघ उमटवायला जपानी लोक हेरा नावाचे बोथट पाते वापरतात. आपल्याकडे मुदत संपलेल्या एटीएम कार्डाचा कोपरा किंवा चमच्याच्या दांडीचे टोक तेच करते. शिलाईच्या रुंदीसाठी मशीनच्या पत्र्यावर सुईपासून हवे तेवढे अंतर मोजून त्या कार्डाची पट्टी चिकटवून टाका, कापड तिच्या कडेला घासत गेले की शिलाई सरळ जाते.

हाताच्या कामात दाभण जवळ ठेवा. टोक कानशीने बोथट केले की इलास्टिक आणि नाडी ओवायला ती सेफ्टी पिनेपेक्षा सरस, कारण ती वाटेत उघडत नाही. जाड थरांतून सुई ओढताना बोट सटकत असेल, तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन इंचांचा तुकडा चिमटीत धरा. अंगुस्ताना, म्हणजे बोटात घालायची टोपी, ढकलायला, ट्यूब ओढायला. दोऱ्याला मेण लावायचे असेल तर मेणबत्ती नको. तिच्यातले पॅराफिन इस्त्रीखाली कापडात उतरते. मधाच्या पोळ्याचे खरे मेण घ्या. आपल्याच जिल्ह्यात भुदरगड तालुक्यातले पाटगाव मधाचे गाव म्हणून ओळखले जाते, त्या बाजूला कुणी ओळखीचे असेल तर छोटा खडा मागवा, तो वर्षानुवर्षे पुरतो. ब्लाउजची डोरी उलटवताना, शिवायच्या आधीच आत एक जाड दोरा घालून त्याचे टोक एका बाजूला पक्के करा आणि शिवून झाल्यावर दुसऱ्या बाजूने ओढा. कॉलर आणि बेल्टचे कोपरे कात्रीच्या टोकाने काढू नका, उदबत्तीची जळून उरलेली बांबूची काडी फरशीवर घासून गोल करा, ती कोपऱ्यात बरोबर जाते आणि कापड फाडत नाही.

मशीनच्या तेलाला मात्र पर्याय नाही. नवी नवी असताना मी एकदा खोबरेल घातले होते. उन्हाळाभर मशीन लोण्यासारखे चालले. डिसेंबरातल्या एका सकाळी चाक हलेना. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजते, हे केसांच्या बाटलीत रोज दिसत असून मला सुचले नाही. कारागिराने सगळे उघडून रॉकेलने धुतले. तेल मशीनचेच घ्या, पण ते सोडायला बिनसुईची सिरिंज वापरा, एकेक थेंब हवा तिथे पडतो. बॉबिनखालचा भुगा जुन्या टूथब्रशने काढा, तोंडाने फुंकू नका, कारण फुंकरीत ओल असते. सुयांच्या डबीत बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी ठेवा. २०१९ च्या पुराच्या वेळी आमच्या वर्गात पाणी शिरले नव्हते, तरी नुसत्या दमट हवेने सुयांचे दोन पुडे गंजले, तेव्हापासून मी ती ठेवते. तारेच्या घासणीत सुया टोचून ठेवण्याचा सल्ला कोरड्या गावांना ठीक असेल, आपल्याकडे जुलैत ती घासणीच आधी गंजते. आणि अॅल्युमिनियमची फॉइल कापून कात्रीला धार येत नाही; पात्यावरचा एखादा बारीक काटा मोडतो इतकेच. धार लावणाऱ्याकडेच द्या.

राहिला वॉकिंग फूट. तुमच्या संचात हीच वस्तू सर्वांत मोलाची आहे. साध्या पायाखाली दाते फक्त खालचा थर पुढे नेतात आणि वरचा मागे राहतो; या पायाला वरूनही दाते असतात, त्यामुळे दोन्ही थर बरोबर चालतात. वेल्वेट, चौकड्या जुळवायचे कापड, रेक्झीनच्या पिशव्या, आणि अस्तराच्या लांब कुर्त्याची बाजूची शिलाई यांना तो लावा. वेग कमी ठेवा, टाका थोडा लांब घ्या आणि शिलाईच्या शेवटी उलटा टाका मारण्याऐवजी दोरे हाताने गाठवा, कारण असे बरेच पाय मागे चालण्यासाठी केलेले नसतात. तो बसवताना बाजूचा काटा सुईच्या स्क्रूवर टेकला पाहिजे. तो न टेकता बसवला तर वरचे दाते हलतच नाहीत आणि आपण म्हणतो पाय खराब आहे.

तो तुमच्या मशीनला बसेल का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण आधी तेच बघावे लागेल. नेहमीचा पाय खाली सोडा आणि मशीनच्या पत्र्यापासून पाय आवळायच्या स्क्रूच्या मध्यापर्यंतचे अंतर टेपने मोजा. पाऊण इंचाच्या आसपास आले तर मशीन आखूड दांड्याचे आहे आणि घरगुती संचातला पाय बहुधा बसतो. सव्वा इंच आले तर दांडा लांब आहे आणि त्यासाठी वेगळा पाय मागवावा लागेल. ते माप, आणि सुईचा स्क्रू उजवीकडे बाहेर आलेला आहे की नाही, एवढे कळवा, म्हणजे पुढचे सांगता येईल.